नाथषष्ठी आणि साथीचा कायदा

फाल्गुन वद्य षष्ठीला गोदाकांठचें पैठण वारकऱ्यांनीं फुलून जातें. नाथमहाराजांच्या समाधीचें दर्शन हें त्यांचें वर्षाचें व्रत. परंतु २०२० सालच्या मार्चमध्यें ही यात्रा रद्द झाली. कोरोनाची साथ पसरूं नये म्हणून त्याच दिवसांत महाराष्ट्र शासनानें साथरोग कायदा लागू केला होता. पिढ्यान्‌पिढ्यांची वारी थांबविण्याचा हा अधिकार सरकारला कोठून आला, असा प्रश्न वारकऱ्याला पडल्यास नवल नाहीं.

त्याचें मूळ मुंबईच्या प्लेगांत आहे. प्लेग १८९६ सालीं उद्भवला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं हा कायदा झाला. पैठण त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यानें तो तेथें लागू नव्हता. कायद्याचीं कलमें अवघीं चार. सरकारनें जरूर ते नियम करावे, ते मोडणारास शिक्षा व्हावी, आणि सद्‌हेतूनें वागणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालूं नये, इतकाच त्यांचा आशय. रुग्णाच्या हक्कांविषयीं त्यांत अक्षरही नव्हतें. याचें फळ पुण्यास दिसलें. गोऱ्या सोजिरांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या. लोक रोगापेक्षां तपासणीला अधिक भिऊं लागले व आजारी माणसें लपवूं लागले. अखेर २२ जूनच्या रात्रीं प्लेग कमिशनर रँड यांच्यावर चाफेकरांनीं गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षीं मुंबईंत निराळी वाट चोखाळली जात होती. १० जानेवारीला वाल्डेमार हाफकीन यांनीं स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम आपल्याच अंगांत टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील कांहीं कैदी स्वेच्छेनें पुढें आले. बंदिवानाची इच्छा कितपत मोकळी, ही शंका मात्र उरतेच. पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल येथें लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकीन यांच्यावर ठपका आला. तो दूर व्हावयास १९०७ साल उजाडलें. मृतांच्या आप्तांना दाद मागण्यास कोणता नियम होता?

तो नियम आज आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणें नवें औषध किंवा लस माणसांवर अजमावण्यापूर्वीं नीतिसमितीची मान्यता व त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमति लागते. चाचणीमुळें अपाय झाल्यास भरपाई द्यावी लागते. साथीच्या कायद्यांतही २०२० सालीं दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हात टाकणारास कडक शिक्षा ठरली. रुग्णाच्या हक्कांविषयीं मात्र ती दुरुस्तीही मौनच राहिली.

साथींत हुकूम तांतडीनें काढावा लागतो, हें खरें. पण लस दंडांत टोचण्यापूर्वीं मनाला पटावी लागते, आणि तें काम शिक्षेच्या कलमानें होत नाहीं. नाथांनीं रामेश्वरासाठीं आणलेलें गंगोदक वाटेंत तहानेल्या गाढवाला पाजलें, ही कथा पैठणांत लहान मुलालाही ठाऊक आहे. जीव वांचविण्यासाठीं व्रत बाजूला ठेवण्याची शिकवण ज्यांच्या घरींच आहे, त्यांना कारण नीट सांगणारा व त्यांचे हक्क जपणारा कायदा परका वाटणार नाहीं.