होडीत सिलिंडर उभा नको

श्रोतेहो, अधारतालात राहणारा माणूस स्कूबावर बोलतो म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसा. समुद्र इथून हजार किलोमीटर, आणि राणी दुर्गावतीच्या दिवाणाने, अधारसिंहाने बांधलेल्या आपल्या तलावात कोणी पाठीला सिलिंडर बांधून उतरत नाही. पण हल्ली आपल्या जबलपुरातली पोरं सुट्टी लागली की कुडाळला उतरून थेट मालवण-तारकर्ली गाठतात. काहींनी रीतसर कोर्स करून कार्डही मिळवलंय. आजचं बोलणं त्या कार्डवाल्यांसाठी. कानाचा दाब कसा काढायचा, श्वास का रोखायचा नाही, हे तुम्हाला शिकवलेलं आहे. मला बोलायचंय ते पाण्यातलं नाहीच, होडीतलं आहे.

आणि त्यातही मुख्य गोष्ट एकच. होडीत सिलिंडर उभा ठेवू नका.

नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असला की 16-17 किलोंचा होतो. आत 200 बार दाबाने कोंबलेली हवा. नुसत्या त्या हवेचंच वजन अडीच किलोंच्या वर. असं हे धूड छोट्या फायबरच्या होडीत उभं करून आपण गप्पा मारत बसतो. लाट यायचीच असते. मग तो शेजाऱ्याच्या पायाच्या बोटांवर पडतो, नाहीतर कोणाच्या मास्कवर. आणि रेग्युलेटर लावलेला असेल तर पहिला मार त्यालाच बसतो. “मी हाताने धरलाय ना!” असं म्हणणारे असतात. अहो, तोच हात फोन काढायला खिशात जातो, तेव्हा काय? आडवा ठेवा, होडीच्या लांबीच्या दिशेने, दोन्हीकडून अडकवून. दोरी असेल तर बांधा.

आपण महानगरीच्या जनरल डब्यातून मुंबईला जातो ना, होडीत तसंच वागायचं. डब्यात शहाणा माणूस ट्रंक बाकाखाली सारतो, वाटेत ठेवत नाही. शेवटी लागणारं खाली, आधी लागणारं वर. होडीतही सगळं आपापल्या जाळीच्या पिशवीत आणि पिशवी आपल्या बाकाखाली. चढल्यावर डब्याच्या दारात कोणी सामान उलगडत बसत नाही; तसं बीसीडी, रेग्युलेटर, सगळी जोडणी जेटीवरच उरकून घ्या. डोलणाऱ्या होडीत ओ-रिंग शोधत खाली वाकलात की पाण्यात उतरायच्या आधीच पोटात ढवळतं. आणि स्टेशन आलं म्हणून सगळा डबा एकाच दाराशी लोटतो तेव्हा डब्याला काही होत नाही, होडीला होतं. एक जण उजव्या काठावर, एक डाव्या; मागे पाणी मोकळं आहे का बघायचं, मास्क आणि रेग्युलेटर हाताने दाबून धरायचा, आणि इशाऱ्यावर दोघांनी एकदम पाठीमागे झोकून द्यायचं. चालत्या गाडीत चढायचं नाही हे तर आपल्याला लहानपणापासून बजावलेलं आहे. पंखा फिरतोय तोवर होडीजवळ यायचंच नाही.

झोकून द्यायच्या आधी एक तपासणी. रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या आणि घेताना डोळे गेजच्या काट्यावर ठेवा. श्वासागणिक काटा खाली लचकत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. नुसतं “हवा येतेय” यावर जाऊ नका; बंद व्हॉल्व्हमागे नळीत उरलेली हवासुद्धा दोन श्वास पुरते.

आता परत येताना. इथे घाई होते, सगळे दमलेले असतात. वेट बेल्ट आधी वर द्यायचा. का? बीसीडी आणि जवळजवळ रिकामा सिलिंडर काढून दिलात की तरंगणारं सामान गेलं आणि कमरेला शिसं राहिलं. मग तुम्ही खाली. म्हणून शिसं पहिलं. बेल्ट बकल नसलेल्या टोकाला धरा, म्हणजे वजनं घसरून तळाला जाणार नाहीत; आणि “वजन आहे” असं ओरडून द्या. मग बीसीडीत हवा भरून ती अंगातून काढा. होडीवाल्यानं ती सिलिंडरच्या मानेला धरून घ्यायची, नळीला नाही. हे त्याला किनारा सोडायच्या आधीच सांगून ठेवा. तो मासेमारीतला पटाईत माणूस, पण जाळं ओढायची सवय हाताला असते. फिन्स मात्र शेवटपर्यंत पायात. त्यांचाच जोर मारून काठावर येता येतं. शिडी असेल तर गोष्ट निराळी, पण शिडीखाली थांबू नका. वरच्याचा सिलिंडर सुटला तर तुमच्या डोक्यावर.

आणि वर घेतलेला सिलिंडर? आडवा. रिकामा झाला तरी चौदा किलो उरतातच. दमलेला माणूस तो हमखास उभा करतो, म्हणून पुन्हा सांगतोय.

मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची नाव उलटली, त्यात दोघे गेले. सिलिंडरमुळे उलटली असं मी म्हणत नाही. पण नाव कलंडते तेव्हा मोकळं पडलेलं सामान आणि माणसांचे पाय एकाच बाजूला जातात, एवढं ध्यानात घ्या.

काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे मिनिटं उरली दोन. वजनाचं घाईने सांगतो. इथे तरणतलावात सराव केलेल्यांनी तेवढंच शिसं समुद्रात लावू नये. खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड. सामानासकट नव्वद किलोंचा माणूस असेल तर दोन किलोंच्या आसपास शिसं जास्त लागतं. ते जेटीजवळच्या उथळ पाण्यात तपासा, होडीतून लांब गेल्यावर नाही.

शेवटी धुणं. रेग्युलेटरची डस्ट कॅप आधी कोरडी करून घट्ट लावा, मग गोड्या पाण्यात बुडवा, आणि बुडवलेला असताना पुढचं बटण दाबू नका, पाणी आत शिरतं. जीपमधून सिलिंडर कसे न्यावेत यावरही बोलायचं होतं, पण वेळ संपली. नमस्कार.