न्हाणीघर नवे करताना

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



"थोडक्या खर्चात न्हाणीघर कसे सुधारावे" यावर बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. दिवाणखाना कसा सजवावा हे सांगणाऱ्या पुष्कळ मिळतात. न्हाणीघराबद्दल मात्र ज्या बाईने तिथे पैसे बुडवले आहेत तिनेच बोलावे. मी ते एकदा बुडवले आणि दुसऱ्यांदा वाचवले. दोन्ही हकीकती सांगते.

आमचे न्हाणीघर पाच फूट बाय सात फुटांचे. २०११ साली ते प्रथम नवे केले. आरशासारख्या चकचकीत टाइल्स पसंत केल्या. कंत्राटदार म्हणाला, "जुनी फरशी कशाला फोडता? वरूनच नवी बसवून देतो." आम्हांला ती काटकसर वाटली. आठ दिवसांत काम झाले. आल्यागेल्याला मी कौतुकाने दार उघडून दाखवीत असे!

वर्षभरात खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला ओल धरली आणि चुन्याचे पापुद्रे त्यांच्या बादलीत पडू लागले. बोलाचाली झाली. त्या संक्रांतीला वहिनी हळदीकुंकवाला आल्या नाहीत. पुढे त्याच चकचकीत फरशीवर सासूबाईंचा पाय घसरला आणि मनगट मोडले. वाचवलेले पैसे प्लास्टरात गेले, आणि शेजार गेला तो वेगळाच.

म्हणून २०२२ साली पुन्हा काम काढले तेव्हा दुकानात जाण्याआधी वही घेऊन बसले. अंघोळ कोण कशी करतो, कपडे कुठे धुतले जातात, फरशी कोण घासते, हे लिहून काढले. आमच्याकडे सगळे बादली-तांब्याने नाहणारे. मग काचेचा आडोसा हवा कशाला? तो खर्च वहीतच वाचला. जी बाई न्हाणीघर घासते तिला विचारल्याशिवाय त्याचा आराखडा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट, संडासाचे भांडे आणि सांडपाण्याचे नळ होते तिथेच ठेवले. ते हलवायचे म्हणजे तोडफोड वाढते, मजुरी वाढते आणि गळतीला नवी जागा मिळते.

पैसा घातला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कामात. जुनी फरशी स्लॅबपर्यंत काढली. सोसायटीला आधी लेखी कळवले होते. आतून गंजलेले लोखंडी नळ बदलून गरम पाणी सोसणारे सीपीव्हीसीचे नळ घातले आणि भिंत बुजवण्याआधी पाण्याचा दाब देऊन तपासले. उघड्या भिंतींचे फोटो मोबाइलवर काढून ठेवले. पुढे खिळा ठोकताना नळ कुठून गेला आहे ते कळते. मग जलरोधक लेप दिला, तोही भिंतीवर फूटभर चढवून.

लेप वाळल्यावर जाळीचे तोंड बंद करून बोट-दोन बोटे पाणी तुंबवले आणि ४८ तास तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी मीच खाली गेले आणि म्हटले, "वहिनी, तुमचे छत पाहू द्या." दोघी माना वर करून उभ्या राहिलो. छत कोरडे होते. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण चहा ठेवला. त्यानंतरच गवंड्याला टाइल्स लावू दिल्या.

फरशीला जाळीकडे दर मीटरला दहा ते पंधरा मिलिमीटर उतार हवा. गवंडी "झाला" म्हणाला तरी त्याच्यासमोर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी खोटे बोलत नाही.

बचत केली ती वरच्या कामात. नाहण्याच्या कोपऱ्यात सात फुटांपर्यंत टाइल्स लावल्या, बाकी भिंतींना चार फुटांपर्यंत लावून वर रंग दिला. सुमारे ४० चौरस फुटांच्या टाइल्स वाचल्या. फरशीला खरबरीत टाइल्स घेतल्या, त्या दहा टक्के जास्त, कारण काही कापताना जातातच. जुने बेसिन आणि दार घासूनपुसून पुन्हा वापरले. तोट्या साध्या, पण सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील अशा.

दोन गोष्टींत मात्र हात आखडता घेऊ नका. गीझरला नीट अर्थिंग आणि वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच जाणत्या वायरमनकडून बसवून घ्या. आणि भांड्याजवळ भिंतीत घट्ट रोवलेला आधाराचा दांडा लावा. शिवाय अंदाजाच्या दहावा हिस्सा रक्कम बाजूला ठेवा. फरशी फोडल्यावर काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसते.

आमचे न्हाणीघर आज कुणाला दाखवावे असे नाही. पण सासूबाई दांडा धरून एकट्या जाऊन येतात, मला हाक मारत नाहीत. आणि २०२३ च्या संक्रांतीला खालच्या वहिनी हळदीकुंकवाला आल्या होत्या.