मनगटाचा हिशोब
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



२५ वर्षांच्या आठवणी सगळ्यांनी छान सांगितल्या. मी मात्र मनगटाबद्दल बोलणार आहे. हसू नका, आधी एक गंमत करा. अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट थोडे आत वाकवा. मधोमध दोरीसारखे काही वर आले? ती एका स्नायूची कंडरा. काहींना ती दिसणार नाही, कारण तो स्नायू त्यांना जन्मतःच नसतो. त्यावाचून काही अडतही नाही. शेजाऱ्याचा हात बघा. सगळ्यांची मनगटे एका साच्यातून निघालेली नाहीत.

हे मला सत्तरीनंतर कळले. दोन वर्षांपूर्वी माझे उजवे मनगट करंगळीच्या बाजूने दुखू लागले. टॉवेल पिळवेना, कुलपात किल्ली फिरवली की कळ यायची. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "काका, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. तुमचे करंगळीकडचे हाड जरा लांब आहे, दोन-अडीच मिलिमीटर."

बँकेत एका रुपयाचा फरक निघाला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो. पण दोन मिलिमीटरने काय होते? तर पुष्कळ होते. दोन्ही हाडे सारखी असली तर मनगटावरच्या भाराचा सुमारे ८० टक्के वाटा अंगठ्याकडचे हाड घेते आणि २० टक्के करंगळीकडचे. ते अडीच मिलिमीटर लांब असले तर त्याचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो. पामर आणि वर्नर या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली हे मोजून दाखवले. त्या बाजूला कूर्चेची एक लहानशी गादी असते, ती मग झिजते. मूठ घट्ट आवळली, हात पालथा केला की हा भार आणखी वाढतो. पिळताना आपण नेमके तेच करतो.

तेव्हा मला आपले जिने पुसणाऱ्या मावशी आठवल्या. मी सचिव होतो. त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, मनगट लई दुखून राह्यलं जी, फडकं पिळनं होत नाही." मी म्हणालो, "आधीच्या बाईला तर कधी दुखले नाही!" आणि चार दिवसांचे पैसे कापले.

त्यांचे मनगट माझ्यासारखे आहे की नाही, मला माहीत नाही. दवाखान्यात जायला आपण त्यांना सवडच दिली नाही. सकाळी आपले जिने, दसऱ्यानंतर दिवसभर कापसाची वेचणी, संध्याकाळी घरचे धुणे. एकाला सोसते ते दुसऱ्याला सोसेलच असे नाही. आणि झीज झाली तरी प्रत्येकाला दुखतेच असेही नाही. म्हणून ज्याचे दुखते त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

कापलेले पैसे मी माझ्या खिशातून परत दिले. माफी मागायची राहिली होती. मावशी, तुम्ही मागे बसल्या आहात. आज सगळ्यांसमोर मागतो.

नव्या कमिटीला माझी एकच सूचना आहे. पायाने दाबून पिळायची बादली आणि दांडीचा पोछा घ्या, आणि दुखण्याच्या दिवसाचे पैसे कापू नका. लाइटिंगमधून एक माळ कमी केली तरी चालेल.