मेंदूच्या लहरी मोजणारी साधने आणि ध्यानाचे प्रयोग
(व्याख्यानाचा पाठ)



ध्यानशिबिरांच्या जाहिरातींत एक रंगीत चित्र पुष्कळदा दिसते. ध्यानापूर्वीचा मेंदू निळा, ध्यानानंतरचा लाल-पिवळा, आणि खाली ‘विज्ञानाने सिद्ध’ अशी ओळ. श्रद्धावान मनुष्य ती वाचून सुखावतो, चिकित्सक नाक मुरडतो. ते चित्र कोणत्या यंत्राने व कोणत्या रीतीने काढले, हे मात्र दोघेही विचारीत नाहीत. आजचे विवेचन तेवढ्याच प्रश्नापुरते आहे.

मेंदूतील हजारो पेशी एकाच वेळी कार्यरत झाल्या की त्यांच्या विद्युत् दाबाचा क्षीण अंश कवटीतून डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. जर्मनीतील येना येथील डॉ. हान्स बर्गर यांनी १९२४ साली मनुष्याच्या बाबतीत तो प्रथम नोंदवला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. ही नोंद मेंदूचीच आहे ना, याची पडताळणी करण्यात मधला काळ गेला. या नोंदीला ‘ईईजी’ म्हणतात. डोळे मिटताच सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी जी लय बर्गर यांना दिसली, तीच अल्फा लहर. ती नवकार जपणाऱ्याच्या मेंदूत दिसते, तशीच गल्ल्यावर बसून क्षणभर डोळे मिटणाऱ्या व्यापाऱ्याच्या मेंदूतही दिसते. ‘अल्फा वाढली’ एवढ्याने साधना सिद्ध होत नाही.

अडचण आहे ती मापाची. ही लहर साधारणतः १० ते १०० मायक्रोव्होल्टची असते. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचे तीस हजार समान भाग केले, तर त्यांतील एक भाग ५० मायक्रोव्होल्टचा होईल. पापणी लवली की याहून मोठा तरंग उठतो. जबड्याचे व कपाळाचे स्नायू, हृदयाचे ठोके, भिंतीतील तारांमधून येणारी सेकंदाला ५० आवर्तनांची घरघर, हे सर्व त्याच नोंदीत मिसळते. जिभेचे टोक व मूळ यांच्यातही विद्युत् दाबाचा फरक असतो. त्यामुळे ओठ मिटून, जीभ हलवीत केलेला जप मंद लहरींसारखी रेघ उमटवू शकतो, आणि साधे यंत्र तिलाच ‘खोल शांती’ ठरवून मोकळे होते!

म्हणून साधनांची निवड महत्त्वाची. डोक्यावर इलेक्ट्रोड कोठे बसवावेत याची ‘दहा-वीस’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत १९५८ साली डॉ. हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडली. ती आजही प्रमाण मानली जाते. इलेक्ट्रोड व त्वचा यांच्यामध्ये बहुधा वाहक जेल लावतात. हे यंत्र शरीराला काही टोचत नाही, केवळ ऐकते, हे अहिंसाप्रेमी श्रोत्यांना विशेष सांगण्यासारखे. पूर्वी कागदाच्या पट्टीवर लेखणी हलत असे. सेकंदाला ३० मिलिमीटर या नेहमीच्या गतीने सामायिकाच्या ४८ मिनिटांत ८६ मीटरहून अधिक कागद लागे. आता ६४ इलेक्ट्रोड, प्रत्येकाचे सेकंदाला ५१२ वेळा मोजमाप, असे धरले तर त्याच ४८ मिनिटांत सुमारे ९ कोटी ४४ लाख आकडे जमा होतात. डोळ्यांनी हे वाचणे अशक्य. येथेच न्यूरोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे मेंदूविषयक माहितीचे संगणकशास्त्र, पुढे येते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील आर्नो दलोर्म व स्कॉट मकीग यांनी ‘ईईजीलॅब’ ही संगणकप्रणाली विकसित केली. तिच्यावरील त्यांचा निबंध २००४ चा. तिच्यातील एक युक्ती समजून घेण्याजोगी आहे. पंचकल्याणकाच्या मंडपात दहा ठिकाणी दहा माइक ठेवले, तर प्रत्येकात घंटा, स्तोत्र, लहान मुलांचा गलका सारेच मिसळून येईल. पण कोणत्या माइकात कोण किती मोठे, याची तुलना करून ते आवाज पुष्कळसे वेगळे करता येतात. त्याच न्यायाने पापणीचा तरंग बाजूला काढतात. मात्र कोणता अंश पापणीचा आणि कोणता मेंदूचा हे ठरविताना शेवटी संशोधकाचा निर्णय आलाच. म्हणून मूळ नोंद जपून ठेवणे आणि गाळणीची प्रत्येक पायरी लिहून ठेवणे हा या क्षेत्रातील सदाचार होय. तसे न करता छापलेल्या चित्रावर विश्वास का ठेवावा?

यंत्रेही आता खुली झाली आहेत. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या ‘ओपनबीसीआय’ने आठ वाहिन्यांच्या पाटीचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. ती सेलवर चालते, त्यामुळे सुरक्षितता वाढते आणि विजेची घरघरही कमी होते.

आता ध्यानाच्या प्रयोगांकडे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बी. के. आनंद व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली योग्यांच्या ईईजी नोंदी प्रसिद्ध केल्या. ध्यानस्थितीत प्रकाश वा आवाज करूनही अल्फा लय मोडली नाही, हे त्यांचे निरीक्षण फार गाजले. पुढे २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दीर्घ साधना केलेल्या बौद्ध साधकांमध्ये वेगवान गॅमा लहरी प्रबळ असल्याचे नोंदवले. परंतु २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जागृत स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते निश्चेष्ट करून पाहिले. तेव्हा सेकंदाला २० आवर्तनांवरील, मेंदूच्या समजल्या जाणाऱ्या नोंदीचा मोठा भाग नाहीसा झाला. तो स्नायूंचा होता. गॅमाविषयीचे प्रत्येक विधान या कसोटीवर घासून घ्यावे लागते. कायोत्सर्गात देह खरोखर शिथिल झाला आहे की नाही, हा प्रश्न अशा रीतीने प्रयोगशाळेतही निर्णायक ठरतो.

अधिक समंजस प्रयोग ऋषिकेश येथे झाला. हिमालयन योग परंपरेतील अनुभवी व नवख्या साधकांना दलोर्म व ट्रेसी ब्रँडमेयर यांनी ध्यानास बसविले आणि अनियमित अंतराने मधेच थांबवून विचारले : या क्षणी ध्यान किती खोल होते? मन किती भटकत होते? साधक बटण दाबून उत्तर देत. २०१८ च्या या अभ्यासात अनुभवी साधकांचे मन कमी भटकल्याचे आढळले. येथे यंत्राने साधकाला बाजूला सारले नाही. त्याचे स्वतःविषयीचे कथन आणि लहरींची नोंद शेजारी-शेजारी ठेवली.

आपल्या शास्त्रात आर्त, रौद्र, धर्म व शुक्ल असे ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. शोकात बुडालेल्याचीही एकाग्रता असते. इलेक्ट्रोडला चित्ताचा विषय दिसत नाही; तो कळण्यासाठी साधकालाच विचारावे लागते.

ऋषिकेशच्या या नोंदी ‘ओपनन्यूरो’ या संग्रहात विनामूल्य उपलब्ध आहेत. त्या वाचण्यासाठी ईईजीलॅब किंवा ‘एमएनई-पायथन’ ही विनामूल्य प्रणाली घरच्या संगणकावर चालते. समाजातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एका साधकाची पहिली दहा मिनिटे उघडून त्यांतील पापण्यांचे तरंग स्वतःच्या डोळ्यांनी ओळखून पाहावेत; कपाळाच्या वरचे दोन इलेक्ट्रोड त्यासाठी पुरतात.