भाडे आणि भाड्याबाहेरचे भाडे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



शहरात परवडणारे घर मिळते काय, या प्रश्नाचे उत्तर आपण भाड्याच्या आकड्यात शोधतो. त्याआधी विचारावयास हवे ते असे की, या आकड्यात धरले आहे काय? पाणी? जिन्यातला दिवा? डागडुजी?

जुन्या चाळीत नळ, संडास, झाडलोट यांची व्यवस्था मालकाकडे असे. त्या चाळींचे गोडवे गाण्याचे मला कारण दिसत नाही. एकशे साठ चौरस फुटांत संसार करणे हे सुख नव्हे. परंतु भाडे म्हणजे चार भिंतींचे नव्हे, राहण्याच्या सोयीचे मोल, ही समजूत तेथे रुजलेली होती. कायद्यानेही ती मान्य केली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचे पाणी वा वीज मालकाला सबळ कारणाविना तोडता येत नाही.

मात्र कलमाची भाषा भाडेकरूची आहे. आज शहरात नव्याने येणारा नोकरदार वा विद्यार्थी भाडेकरू नसतोच. तो ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारा परवानाधारक असतो. मुदत संपली की कलम २४ खाली त्याला बाहेर काढता येते, आणि तो थांबला तर दुप्पट रक्कम द्यावी लागते. नियंत्रित भाड्याचे संरक्षण त्याला नाही. मग भाडे ठरते एक आणि हाती पडतो निराळाच हिशेब : सोसायटीचा देखभाल खर्च, पाणीपट्टी, टँकर, मालकाने बसवलेल्या सब-मीटरची वीज. सोसायटी मालकाकडून ‘नॉन-ऑक्युपन्सी’ आकार घेते. २००१ च्या सरकारी आदेशाने त्यास सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, पण तोही पुष्कळदा राहणाऱ्याच्याच माथी बसतो.

यामागे साधे अर्थशास्त्र आहे. खर्च भाड्यात असेल तर गळका नळ दुरुस्त करण्यात मालकाचे हित असते. खर्च वेगळा काढला की गळती राहणाऱ्याची, आणि मालमत्ता तेवढी मालकाची. सारेच भाड्यात घातले तर उधळपट्टी होईल, हा आक्षेप खोटा नाही. खोलीतल्या विजेला स्वतंत्र मीटर असावा, तोही वीज कंपनीचा आणि तिच्याच दराने. पाणी, लिफ्ट, जिना, सफाई यांना मात्र तो युक्तिवाद लागू पडत नाही. एकट्याने काटकसर करून लिफ्टचा खर्च घटत नाही.

व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये गृहबांधणी कर बसवला. तो चढत्या श्रेणीचा होता. मोठ्या हवेल्यांवर भार अधिक. १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे उभी राहिली. बांधकामाचा खर्च करातून निघाल्याने भाडे केवळ देखभाल व चालू खर्चापुरते ठेवता आले. धुलाईघरे आणि बालवाड्या वसाहतीतच होत्या. आपल्याकडेही मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने कमाल जमीनधारणा कायद्याखालील जमीन मिळवून गोरेगावात हजारो घरे उभी केली. तो कायदा राज्याने २००७ मध्ये मोडीत काढला. २०११ च्या जनगणनेत मात्र देशातील शहरांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली!

तूर्त हाताशी असलेले साधन सांगतो. कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. (अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात निराधार आहे.) म्हणून पाणी, देखभाल व सोसायटीचा आकार कोणी भरावयाचा, हे सही करण्यापूर्वी करारातच लिहवून घ्यावे. हे काम प्रत्येक वॉर्डातील आपल्या कार्यालयाला करता येईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट! परंतु त्या उंच इमारतींतील लिफ्ट, पंप आणि देखभाल यांचा मासिक भार निवृत्त गिरणी कामगाराने कशातून उचलावयाचा, हे त्या वस्तीत जाऊन घरोघरी विचारावयास हवे.