एक जाड नको, तीन पातळ

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं ओस पडू लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर असते. ती फिटेपर्यंत तापाचा एक दिवससुद्धा महागात पडतो, कारण खाड्याचे पैसे कापले जातात. थंडीपासून अंग राखणं ही या माणसांसाठी पोटाचीच बाब आहे.

निघायच्या तयारीत असलेल्या कुटुंबांशी बोलताना मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. एक चांगला जाड स्वेटर घेतला तर भागेल का? मी सांगतो, एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे.

कपडा स्वतः ऊब देत नाही. ऊब आपल्या अंगाची असते. कपडा फक्त ती बाहेर जाऊ देत नाही, आणि त्यातही खरं काम करते ती कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार हळू निसटते. आपल्या आयाबायांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून शिवलेली वाकळ म्हणजे दुसरं काय?

या उबेचा मोठा वैरी म्हणजे ओल. हवेच्या तुलनेत पाण्यातून उष्णता वीस-पंचवीस पट वेगानं निघून जाते. पहाटेचा ऊस दवानं निथळत असतो. बाहेरून दव आणि आतून घाम. सुती कापड दोन्ही शोषून अंगाला चिकटतं आणि थंडगार पडतं. लोकर मात्र ओलावा घेऊनही बरीच ऊब राखते. म्हणून धनगराच्या घोंगडीला आजही मोल आहे.

तेव्हा थर कसे असावेत? आतला कपडा पातळ, अंगाबरोबर बसणारा आणि कोरडा. मधला स्वेटर. वरचा वारा अडवणारा. ऊसतोडीच्या बाया साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात, तो उसाच्या पाचटानं हात कापू नयेत म्हणून. तोच वाराही अडवतो. कमरेखाली साडी भिजू नये म्हणून प्लास्टिकचा कागद बांधावा. डोकं आणि कान झाकावेत.

थरांचा खरा फायदा असा, की ते एकेक करून काढता येतात. कोयता हातात घेतला की दहा-पंधरा मिनिटांत अंग तापतं. घाम फुटायच्या आधीच स्वेटर काढावा आणि पिशवीत कोरडा ठेवावा. तोड थांबली की आतला ओला कपडा बदलून मगच स्वेटर चढवावा. बैलगाडीनं रात्री कारखान्यावर जाणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. तोडताना अंग तापतं, गाडीवर ते निवांत असतं आणि वारा लागत राहतो. छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्राची चार पानं घातली तरी फरक पडतो. युरोपातले सायकलपटू घाट उतरताना हेच करत आले आहेत.

आता लेकरांविषयी. फडाच्या कडेला बसलेलं मूल हालचाल करत नाही, म्हणून त्याला मोठ्यांपेक्षा एक थर जास्त हवा. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, त्यामुळे कुंची किंवा टोपरं हवंच. बाळाचं पोट आणि पाय गार लागले, ते दूध ओढेना, रडेनासं झालं, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरावं, वरून पांघरूण घ्यावं आणि तडक दवाखाना गाठावा. अशा वेळी गप्प पडलेलं बाळ पाहून ‘झोपलंय’ म्हणून सोडून देऊ नका.

कोपीत झोपताना वर घेण्याइतकंच खाली अंथरण्याकडे लक्ष द्या. जमीन उष्णता ओढून घेते. कोरड्या पाचटाचा जाड थर, त्यावर वाकळ. मात्र शेकोटी कोपीच्या बाहेर आणि लांब. पाचट क्षणात पेटतं, आणि बंद कोपीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू झोपेतच जीव घेऊ शकतो. दारूनं ऊब येते हाही भ्रमच. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे वरून गरम वाटतं, पण आतली उष्णता निघून जाते.

शहरातल्या श्रोत्यांना एक विनंती. कपाटातले न वापरलेले स्वेटर, कानटोप्या, विशेषतः लहान मुलांचे, धुऊन ठेवा आणि दसऱ्याच्या आधी अशा एखाद्या गावच्या शाळेत पोचवा. दिवाळीनंतर पाठवाल, तर ते घ्यायला गावात फक्त म्हातारी माणसं उरलेली असतील.