संक्रांतीच्या वाणात सुरी

काष्टीहून बोलतेय.

संक्रांत तोंडावर आली की गटाच्या बैठकीत एक विषय ठरलेलाच असतो, यंदा वाण काय लुटायचं? मागच्या काही वर्षांत काय काय लुटलं ते जरा आठवा. प्लॅस्टिकचे डबे, चहाची गाळणी, साबणाच्या डब्या, कंगवे. त्यातलं आज किती वापरात आहे? आमच्या गटातल्या पंधराजणींनी यंदा ठरवलं की एकच वस्तू घ्यायची, पण रोज हातात येणारी. भाजी चिरायची चांगली सुरी. ठरवलं खरं, पण त्यावर दोन बैठका गेल्या.

पहिली हरकत अर्थातच आली, "धारेची वस्तू कुणी वाणात देतं का? नातं तुटतं." हा समज जुना आहे. आपण सुरी हातात हात देत नाही, खाली ठेवतो आणि मग दुसरी ती उचलते. त्यात शहाणपण आहे, कारण हाताहाती पातं दिलं की बोट कापतं. ती सवय सोडू नका. पण अशुभ म्हणाल, तर खंडेनवमीला आपण विळा, कोयता, खुरपं मांडून हळदकुंकू वाहतो. नवमीला पुजायचं आणि संक्रांतीला भ्यायचं, हे मला काही पटत नाही. गंमत म्हणजे युरोपातल्या लोकांतही हाच समज आहे. तिथं सुरी घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवतो, म्हणजे ती भेट राहत नाही, विकत घेतल्यासारखी होते. आमच्या एका काकूंनी हे कुठंही न ऐकता तेच सुचवलं, "घेणारीनं एक रुपया द्यावा." वाद मिटला, आणि ते पंधरा रुपये गटाच्या पेटीत जमा होणार. आमच्याकडं वाण गटातल्या सगळ्यांना असतं, नवरा असो नसो. त्यावर चर्चा होत नाही.

दुसरी हरकत, "विळी का नको?" विळी, आपल्या बोलीत इळी, अजून घरोघर आहे आणि मेथीची जुडी किंवा भोपळा चिरायला तिच्यासारखं काही नाही. दोन्ही हात मोकळे राहतात. पण तिच्यासाठी खाली बसावं लागतं आणि गुडघे दुखणाऱ्या बायकांना ते जमत नाही. गॅस ओट्यावर गेला तशी सुरीही वर गेली. ज्या घरात रांगतं लेकरू आहे तिथं पातं उघडं असलेली विळी नकोच, किंवा पातं मिटणारी घ्या.

आता सुरी कशी निवडायची. दुकानात आपण मुठीचा रंग बघतो. बघायचं असतं पातं.

बऱ्याच जणी लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटलं की म्हणतात, "हे खरं स्टील नाही." भांड्यांच्या बाबतीत ही परीक्षा थोडीफार चालते, सुरीच्या बाबतीत मात्र उलटं आहे. चुंबकाला अजिबात न चिकटणारं, आपल्या डब्यांचं असतं तसलं स्टील तापवून कडक करता येत नाही. ते मऊच राहतं आणि धार आठ दिवसांत बसते. धार टिकणारं स्टेनलेस स्टील वेगळं असतं, त्यात कार्बन जास्त असतो आणि ते चुंबकाला चिकटतं. म्हणून सुरीला चुंबक चिकटलं तर नाक मुरडू नका. नाहीच चिकटलं तर परत ठेवा.

दुसरं पातं लोहाराच्या पोलादाचं. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा कापून, तापवून, ठोकून ते बनतं. लाल झालेलं पातं पाण्यात बुडवतात, त्याला पाणी देणं म्हणतात. सगळी करामत तिथं आहे. पाणी कमी बसलं तर धार वळते, जास्त बसलं तर धारेचे कपचे उडतात. घिसाडी लोहारांचं पाल पडलं की कधी उभं राहून बघा. गडी सांडशीत लोखंड धरतो आणि घण बहुतेक वेळा बाई मारते, कधी कधी पोर झोळीत टाकून. आपण घिसाडघाई म्हणतो ते त्यांच्या नावावरून आलं असं सांगतात. पण लोखंड लाल आहे तोवरच ठोकायचं असतं, मग हात भराभर चालणारच. तिच्याशी घासाघीस करताना घणाचं वजन एकदा उचलून बघावं, एवढंच म्हणेन.

या पोलादाची धार झकास लागते आणि घरच्या घरी पुन्हा लावता येते. दोष एकच, गंज. आपल्या श्रीगोंदा तालुक्यात लिंबाच्या बागा. लिंबू, चिंच, टोमॅटो चिरून सुरी तशीच ठेवली की पातं काळं पडतं. लगेच धुवून, पुसून, तेलाचं बोट फिरवणार असाल तर लोहाराची घ्या. ज्या घरात सुरी मोरीत पडून राहते तिथं स्टेनलेस बरी. वाण सगळ्यांसाठी असल्यानं आम्ही स्टेनलेस ठरवली. मला स्वतःला लोहाराची आवडते.

दातेरी सुरी घेऊ नका. टोमॅटोवर छान चालते, पण दात बोथट झाले की घरी धार लागत नाही. मुठीत पातं किती आत गेलंय ते बघा. मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि रिवेटनं ठोकलेलं असेल तर सुटत नाही. नुसतं प्लॅस्टिकमध्ये खोचलेलं पातं कधीतरी भोपळा कापताना निखळतं. मूठ ओल्या हातानं धरून बघा. धार अंगठा फिरवून बघू नका, कागदाची कड चिरून बघा. आणि बोथट सुरी सुरक्षित असते हा गैरसमज काढून टाका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, मग ती घसरते आणि हातावर येते.

तिसरी गोष्ट बैठकीत नाही, बैठक संपल्यावर कळली. गाव सांगणार नाही, गटही सांगणार नाही. एक बाई हळूच म्हणाली, "ताई, मला सुरी नको. आमचे हे पिऊन येतात. आहे तीच मी पिठाच्या डब्यात लपवून ठेवते." ती एकटीच वेगळी पडू नये म्हणून तिथं सगळ्यांनाच निवड दिली, सुरी किंवा चाळण. तुमच्या गटातही अशी निवड ठेवा, आणि कुणी चाळण घेतली तर का म्हणून विचारू नका. ऐकणाऱ्यांत अशी कुणी असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर लक्षात ठेवा, दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत. जिवावर बेतलं असेल तर ११२. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडं तक्रार तुमच्यासाठी दुसरी कुणीही, अगदी गटातली मैत्रीणही, देऊ शकते.

सुरी आणल्यावर दोन गोष्टी सांभाळा. स्टीलच्या ताटात किंवा फरशीच्या ओट्यावर चिरू नका, लाकडी पाट घ्या. आणि पातं गॅसवर तापवून प्लॅस्टिक कापायची सवय सोडा, त्यानं पाणी उतरतं आणि मग धार धरत नाही. धार गेली तर चहाच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते. पाठीकडून करंगळी जाईल एवढं पातं उचलायचं आणि दोन्ही बाजूंनी सारखं, हलक्या हातानं ओढायचं.

देताना पात्याला जाड पुठ्ठ्याचं म्यान करून दोऱ्यानं बांधा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणजे घाई नाही. ज्या गटांना आमच्याबरोबर एकत्र खरेदी करायची असेल त्यांनी येत्या शनिवारी काष्टीच्या बाजारात भेटा, येताना घरातलं एक लोहचुंबक घेऊन या.